चिनी भाषेच्या अभ्यासातील मधली वाट
(वार्षिक स्नेहसंमेलनात, विद्यार्थी-गौरवाच्या प्रसंगी केलेले भाषण)



गुणी विद्यार्थ्यांच्या गौरवप्रसंगी चार शब्द बोलावेत अशी कार्यकारी मंडळाची आज्ञा झाली आणि विषयाची निवड आम्हांवरच सोपविण्यात आली. तेव्हा ज्याच्या अध्यापनात आमची वर्षे गेली, तो विद्यापीठातील चिनी भाषेचा अभ्यास, आणि त्यातही त्याची मधली पायरी, आपणापुढे ठेवण्याचे योजिले आहे. आरंभाचे कौतुक सर्वत्र होते. शेवट गाठलेल्या विद्वानाचा सत्कारही होतो. मधल्या पायरीवरील विद्यार्थी मात्र कोणाच्या नजरेस पडत नाही. मुलगा अथवा मुलगी खरोखर अभ्यास करते आहे की नाही, असा संशय घरात उत्पन्न होतो तो याच काळात. आणि अभ्यास सोडून द्यावा हा विचार विद्यार्थ्याच्या मनात येतो तोही याच काळात.

पहिल्या वर्षी दाखविण्यासारखे पुष्कळ असते. 'मा' हा एकच उच्चार चार निरनिराळ्या सुरांत केला म्हणजे अनुक्रमे आई, ताग, घोडा आणि शिव्या देणे असे चार अर्थ होतात, हे पाहुण्यांसमोर म्हणून दाखविता येते. पाहुणेही थक्क होतात. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी असा एकही चमत्कार हाती नसतो. याचे कारण आळस नव्हे. ते साध्या हिशेबात आहे.

छापील मजकुरात वारंवार येणारी पहिली हजार चिन्हे शिकली, म्हणजे सुमारे नऊ-दशांश मजकूर ओळखीचा होतो. ऐकणाऱ्यास वाटते, काम झाले. परंतु वीस चिन्हांच्या ओळीत अजून दोन अनोळखी राहतात, आणि ओळीचे मर्म बहुधा त्या दोहोंतच असते. बातमी पुराची आहे की दुष्काळाची, हेच कळू नये, बाकी सर्व कळावे, अशी ही अवस्था. चीनमध्ये १९८८ साली नित्य वापरातील चिन्हांची यादी ठरविण्यात आली. तीत २५०० चिन्हे नेहमीची आणि १००० त्यांच्या खालोखालची आहेत. म्हणजे पहिल्या हजारानंतर आणखी दीड हजार चिन्हे घोटावयाची, आणि त्या सर्वांनी मिळून जी भर घालावयाची ती शेवटच्या दशांशात. श्रम दीडपट आणि दृश्य फळ नवव्या हिश्श्याइतकेही नाही!

तासांचा हिशेबही असाच बोलका आहे. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याची जी भाषाशिक्षण संस्था आहे, तिच्या अंदाजाने इंग्रजी मातृभाषा असलेल्या मनुष्यास कामकाजापुरती चिनी येण्यास वर्गातील सुमारे २२०० तास लागतात. स्पॅनिशसारख्या भाषेस याच्या तृतीयांशाच्या आसपास पुरतात. आपल्याकडे आठवड्यास बारा तास व वर्षास तीस आठवडे धरले, तर वर्षाचे ३६० आणि तीन वर्षांचे १०८० तास होतात. पदवी हाती पडते तेव्हा विद्यार्थी बरोबर अर्ध्या वाटेवर उभा असतो. आणि नेमके त्याच दिवशी घरचे विचारतात, "झाले ना शिक्षण? आता पुढे काय?"

या मधल्या वाटेवर नेमके काय शिकावयाचे असते, हे सांगितल्यावाचून आमचे म्हणणे पटणार नाही. आपल्यापैकी अनेकांच्या घरी जुन्या दफ्तरांत मोडी कागद असतील. मोडीत शब्द सुटे लिहीत नसत; ओळ सलग चाले, आणि शब्द कोठे संपला हे वाचणाऱ्यानेच जाणावयाचे असे. चिनी लिखाण आजही तसेच सलग असते. आरंभीच्या पाठ्यपुस्तकांतून पुष्कळदा शब्द सुटे करून दिलेले असतात. पुढे तो आधार निघून जातो. मग विद्यार्थी एक वाक्य तीनदा तोडतो व तीनदा जोडतो. बाहेरून पाहणाऱ्यास तो अर्धा तास एकाच पानावर बसलेला दिसतो.

चिन्हांची कुळे उमगू लागतात तीही याच सुमारास. 'छिंग' असा उच्चार देणारे एक मूळ चिन्ह आहे. त्यास पाण्याची खूण जोडली की निर्मळ, सूर्याची जोडली की निरभ्र, बोलण्याची जोडली की विनंती, आणि हृदयाची जोडली की भावना. उच्चार सर्वांचा छिंगच, सूर तेवढे सारखे नाहीत. जो चित्रे पाठ करीत होता तो आता घडण वाचू लागतो. आमच्या मते चिनी शिकण्यातील खरा आनंद येथे सुरू होतो. दुर्दैव इतकेच, की पुष्कळ जण त्याच्या उंबरठ्यावरून परत फिरतात.

आमचे विद्यार्थी बहुधा इंग्रजीतून लिहिलेल्या पुस्तकांवरून चिनी शिकतात, आणि त्यामुळे मराठीने फुकट दिलेली पुंजी घरीच ठेवून येतात. १९५८ साली चीनने रोमन अक्षरांतील जी उच्चारलेखन-पद्धती स्वीकारली, तीत इंग्रजी 'बी' हे अक्षर आपल्या 'प'साठी आणि 'पी' हे 'फ'साठी योजिले आहे. क आणि ख, त आणि थ यांचेही तसेच. इंग्रजास हा भेद कष्टाने शिकावा लागतो. आपण तो बाराखडीबरोबर शिकतो. आपण 'बीजिंग' म्हणतो त्या नगराचे नाव खुद्द तेथे 'पेइचिंग'च्या जवळ उच्चारले जाते. इतकेच नव्हे, तर 'चार' या आकड्यातील च आणि गुरांच्या 'चाऱ्या'तील च असे जे दोन च आपल्या जिभेवर आहेत, त्यांसारखे दोन निरनिराळे उच्चार चिनीतही आहेत.

व्याकरणातही तोच प्रकार. 'खान' म्हणजे पाहणे व 'खान-चिएन' म्हणजे दिसणे; 'खान-वान' म्हणजे वाचून होणे, आणि मध्ये 'पु' घालून 'खान-पु-वान' म्हटले की वाचून होण्यासारखे नाही. क्रियेस तिच्या फळाची जोड देणारी ही रचना मधल्या पायरीवरील मोठी अडचण समजली जाते. परंतु 'पाहिले पण दिसले नाही' असे जो लहानपणापासून बोलतो, त्यास ती समजावयास एक तासही पुरे. इंग्रजीतील एकाच 'वुई'पुढे आपण 'आम्ही' आणि 'आपण' असे दोन शब्द ठेवतो. उत्तर चीनच्या बोलीत 'वोमन' आहे, आणि ऐकणाऱ्यासही पोटात घेणारा 'चान्मन' निराळा आहे. आत्या ती 'कूकू', मावशी ती 'यी', मामा तो 'च्यौच्यौ'. इंग्रजीतील 'अंकल-आंटी'ने ज्यांचे समाधान होत नाही अशा आपल्या घरांत ही नाती समजावून सांगण्याची गरजच नाही. चिनी मनुष्य आपल्याही पुढे एक पाऊल आहे: वडिलांचा थोरला भाऊ व धाकटा भाऊ यांस तो निरनिराळ्या नावांनी हाक मारतो.

सूर मात्र मराठीने दिलेले नाहीत. ते मोठ्याने म्हणूनच बसतात. मुलगी खोलीत एकटीच काही बडबडत असली तर तिला हटकू नये, एवढे पालकांस सांगतो.

कोणी म्हणतील, आता खिशातील यंत्र क्षणात भाषांतर करून देते, मग एवढा खटाटोप कशास? यंत्र उपयोगी आहे. आम्हीही ते वापरतो. परंतु त्याचे भाषांतर बरोबर की चूक हे सांगण्यास भाषा जाणणारा मनुष्य लागतोच, आणि व्यापारात, न्यायालयात अथवा इतिहासाच्या साधनांत ती गोष्ट लहान नसते. युआन च्वांग सातव्या शतकात महाराष्ट्रात येऊन गेला. पुलकेशी राजाविषयी व येथील मानी लोकांविषयी त्याने लिहून ठेवले, ते चिनी भाषेत. आपल्या पूर्वजांविषयीचा हा पुरावा आपण आजही बहुधा इंग्रजी अनुवादांतून वाचतो.

आणि आपल्यात हे करणारे कोणी झालेच नाहीत असे नाही. शांतिनिकेतनात १९३७ साली चीन भवन उघडले. पुण्याचे पुरुषोत्तम विश्वनाथ बापट हे पालीचे पंडित. विनयाच्या एका पाली टीकेचे चिनी रूपांतर त्यांनी जपानचे विद्वान हिराकावा यांच्या सहकार्याने इंग्रजीत आणले, आणि भांडारकर संस्थेने ते १९७० साली प्रसिद्ध केले. सोलापूरचे डॉक्टर द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली चीनला गेले ते रुग्णसेवेसाठी. जखमी सैनिकांत राहून ते चिनी बोलू-लिहू लागले. ९ डिसेंबर १९४२ रोजी ते तेथेच वारले. एकाने ग्रंथांतून व दुसऱ्याने माणसांतून भाषा मिळविली. परंतु अर्ध्या वाटेवर कोणीच थांबले नाही.

आता मंडळापुढे एक मागणे. आपल्या शिष्यवृत्त्या पदवी-परीक्षेबरोबर संपतात. वैद्यक वा स्थापत्य यांस हा नियम ठीक असेल. चिनीसारख्या भाषेस तो अर्ध्या विहिरीवर खोदकाम थांबविण्यासारखा आहे. पदवीनंतरची दोन वर्षे साहाय्य चालू राहावे, आणि त्यातील एक वर्ष त्या भाषेच्या प्रदेशात काढण्याची सोय व्हावी. चीन सरकार आणि तैवान या दोहोंकडून परदेशी भाषाविद्यार्थ्यांस शिष्यवृत्त्या मिळतात. त्यांतून सर्वच खर्च भागतो असे नाही, आणि तेथेच मध्यमवर्गीय घराचा धीर सुटतो. जाणाऱ्याने एवढे ध्यानात ठेवावे, की १९५६ पासून चीनने चिन्हे सोपी केली, तैवानात जुनीच चालतात. एका ठिकाणी शिकलेल्यास दुसरीकडची ओळखू येण्यास आणखी थोडे श्रम घ्यावे लागतात. या वर्षी ज्ञातीतील कोणी अशा अभ्यासाचा दुसऱ्या वा तिसऱ्या वर्षाचा विद्यार्थी असेल, तर त्याचा अर्ज केवळ गुणांच्या टक्केवारीवर बाजूस ठेवू नये. त्यास बोलावून घ्यावे. त्याच्यापुढे चिनी वर्तमानपत्राचे एक पान ठेवावे, आणि वर्षभराने पुन्हा एक ठेवावे. किती ओळी न अडता वाचल्या जातात, ते मोजण्याचे काम आम्ही आनंदाने करू.