सी हॉकचं छोटं रूप

‘सी हॉक’ हे आपल्या नौदलाचं पहिलं लढाऊ जेट. 1971 च्या डिसेंबरमध्ये विमानवाहू नौका विक्रांतवरून उडून याच विमानांनी कॉक्स बाजार आणि चितगावावर हल्ले चढवले. भिवंडीत घरच्या टेबलावर त्याचं 72 पट लहान मॉडेल करता येतं. साधारण 12 मीटरचं विमान, मॉडेल जेमतेम 17 सेंटिमीटरचं.

पण जोडण्याआधी एक गोष्ट पाहा. या विमानाच्या इंजिनाचा झोत शेपटीतून बाहेर पडत नाही, तो दुभागून पंखांच्या मुळापाशी दोन्ही बाजूंनी निघतो. शेपटीकडची जागा त्यामुळे इंधनासाठी मोकळी राहिली. ही धुरांडी नीट बसली, की विमान लगेच ओळखू येतं. तिसरं चाक शेपटीखाली नाही, नाकाखाली आहे, म्हणून नाकात वजन भरायलाच हवं, नाहीतर मॉडेल शेपटीवर बसतं. मासेमारीच्या जाळ्याला लावतात त्या शिशाच्या गोळ्या यासाठी उत्तम. हाताळल्यावर हात मात्र स्वच्छ धुवा.

रंगात घाई नको. आधी पोटाला फिकट हिरवट, तो पूर्ण वाळला की कडेला टेप लावून वर गडद करडा. पावसाळ्यात भिवंडीची हवा दमट असते. थिनरचा रंग फवारला तर त्यावर पांढुरकी साय धरते, म्हणून कोरडा दिवस निवडा आणि खिडकी उघडी ठेवा. शेवटी तिरंगी वर्तुळांची छापचित्रं (डिकॅल) पाण्यात भिजवून मॉडेलवर अलगद सरकवा.

खरं सी हॉक जवळून पाहायचं असेल, तर गोव्यात बोगमाळो रस्त्यावरच्या नौदल विमान संग्रहालयात जा.