पोटखराबा कोणाच्या मालकीचा?

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासशिबिरातील व्याख्यान)



रत्नागिरी जिल्ह्यातील कोणत्याही गावचा सातबारा उघडला, तर त्यात ‘पोटखराबा’ हा शब्द आढळल्यावाचून राहत नाही. ज्या जमिनीत पीक निघत नाही, तिची ही महसुली भाषेतील नोंद. सारा आकारण्याच्या सोयीसाठी घडविलेला हा शब्द आज प्रकल्पांच्या जागा ठरविण्याचा आधार होऊन बसला आहे. जिल्ह्यातील निसर्गसंपत्तीचा प्रश्न समजावून घ्यायचा, तर या शब्दापासूनच आरंभ केला पाहिजे.

पूर्वेस सह्याद्री, पश्चिमेस समुद्र आणि मध्ये जांभ्या दगडाचे विस्तीर्ण सडे, अशी या भूमीची रचना आहे. सड्यावर नांगर चालत नाही, हे खरे. परंतु वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक कोसळणाऱ्या पावसाचे जे पाणी समुद्राकडे धावण्यापूर्वी अडते, त्यातील मोठा वाटा या सच्छिद्र कातळातून झिरपतो. सड्याच्या उतारावर ते जेथे पुन्हा बाहेर येते, तेथेच झरा, तेथेच विहीर, तेथेच वाडी आणि नारळी-पोफळीची बाग. सड्यावरचे गवत ही गुरांची वर्षाची बेगमी. सुरुंगाने कातळ फोडून, डोक्यावरून माती वाहून, शेतकऱ्याने त्यावर हापूसची कलमे उभी केली. राजापूर तालुक्यातील बारसूच्या सड्यावर तर आदिमानवाने खोदलेली कातळशिल्पे आहेत. कोकणातील अशा शिल्पस्थळांचा समावेश २०२२ साली युनेस्कोच्या संभाव्य जागतिक वारशांच्या यादीत झाला. एवढे सारे ज्या जमिनीवर आहे, तिला दप्तर ‘खराबा’ म्हणते!

जमिनीची जी गत, तीच पाण्याची. खाडीला सातबारा नाही. भोई, खारवी, दालदी या समाजांनी पिढ्यान्‌पिढ्या तिच्यावर संसार केले. ओहोटीच्या वेळी कालवे आणि तिसऱ्या वेचणाऱ्या स्त्रियांनी चुली पेटत्या ठेवल्या. पण मालकीचा कागद त्यांच्यापाशी नाही. म्हणून लोटे-परशुरामच्या रासायनिक वसाहतीचे सांडपाणी दाभोळ खाडीच्या पाण्यात पोचू लागले, तेव्हा कोणाची मालमत्ता बुडाल्याची नोंद झाली नाही. मासे मरून तरंगल्याच्या तक्रारी वारंवार झाल्या. सामुदायिक शुद्धीकरण केंद्र उभे राहिले. तरीही खाडीवर जगणाऱ्यांचे गाऱ्हाणे संपलेले नाही. कारखान्याच्या ताळेबंदात जो खर्च दिसत नाही, तो नाहीसा झालेला नसतो. तो भोयाच्या रिकाम्या जाळ्यात जमा झालेला असतो. यालाच शोषण म्हणतात.

या अन्यायाला जिल्ह्यातील जनता मुकाट्याने शरण गेली नाही. १९९३ साली रत्नागिरीकरांनी तांबे वितळविणाऱ्या स्टरलाइटच्या कारखान्याचे काम बंद पाडले. गुहागर तालुक्यात एन्‍रॉनच्या दाभोळ वीज प्रकल्पाविरुद्ध शेतकरी, मच्छिमार व स्त्रिया तुरुंगात गेल्या; त्यांच्यावर झालेल्या दडपशाहीचा अहवाल ‘ह्यूमन राइट्स वॉच’ या संस्थेला १९९९ साली प्रसिद्ध करावा लागला. २००१ साली तो प्रकल्प बंद पडला आणि अखेर सार्वजनिक क्षेत्राने त्याचा भार उचलला. जैतापूरच्या ९,९०० मेगावॉटच्या नियोजित अणुवीज प्रकल्पासाठी माडबन व शेजारच्या गावांची जमीन घेण्यात आली. १८ एप्रिल २०११ रोजी साखरी नाटे येथे पोलिसांच्या गोळीबारात एक तरुण मरण पावला. साखरी नाटे हे मच्छिमारांचे गाव आहे, ही गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. ज्यांचा सातबाऱ्याशी संबंध नव्हता, त्यांनीच प्राण पणाला लावले. नाणार येथील तेलशुद्धीकरण प्रकल्पाचे भूसंपादन २०१९ मध्ये रद्द झाले. पण तोच प्रकल्प बारसूच्या सड्याकडे वळला, आणि एप्रिल २०२३ मध्ये मातीपरीक्षणाला विरोध करणाऱ्या गावकऱ्यांना अश्रुधुराला व लाठ्यांना तोंड द्यावे लागले.

यावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो: कोकणाला कारखाने नकोत, तर तरुणांनी काय मुंबईची वाटच धरावी? हा आक्षेप थट्टेवारी नेण्यासारखा नाही. चाकरमान्याच्या मनीऑर्डरवर हा जिल्हा पिढ्यान्‌पिढ्या जगला आहे, आणि १९८२ च्या गिरणी संपानंतर ती मनीऑर्डर थांबली तेव्हा घराघरांत काय झाले, हे येथे कोणाला सांगावयास नको. रोजगार हवाच. प्रश्न इतकाच की, एका हाताने दिलेला रोजगार मोजायचा आणि दुसऱ्या हाताने हिरावलेला मोजायचाच नाही, हा कोणता हिशेब? आंब्याच्या हंगामातील मजूर, होडीवरचा खलाशी, मासळी विकणारी स्त्री आणि काजू सोलणारी कामगार यांचाही रोजगार रोजगारच असतो.

परंतु चळवळीनेही आत्मपरीक्षण केले पाहिजे. रत्नागिरीने नाकारलेला स्टरलाइटचा कारखाना नाहीसा झाला नाही. तो तमिळनाडूत तुतिकोरिनला गेला. तेथे त्याच्या प्रदूषणाविरुद्ध लढताना मे २०१८ मध्ये पोलिसांच्या गोळ्यांनी तेरा माणसे मेली. ‘आमच्या अंगणात नको’ एवढ्यावर थांबणारा विजय संकट दुसऱ्या गरिबाच्या दारी पाठवितो. समाजवादी कार्यकर्त्याची मागणी याहून व्यापक असली पाहिजे: कोणत्याही गावाची निसर्गसंपत्ती त्या गावाच्या संमतीवाचून घेतली जाऊ नये.

ही मागणी स्वप्नाळू नाही. गाव, जिल्हा, प्रांत आणि केंद्र असे चौखंबा राज्य डॉ. लोहियांनी मांडले होते. समाजाच्या भौतिक साधनांचे नियंत्रण सर्वांच्या हिताचे असावे, असे संविधानाचे ३९ वे कलम सांगते. ओडिशातील नियामगिरीचे बॉक्साइट काढावे की नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली तेथील ग्रामसभांपुढे ठेवले, आणि बाराही ग्रामसभांनी नकार दिला. त्यामागे वनहक्क कायद्याचे बळ होते. रत्नागिरीतील ग्रामसभांनी केलेल्या ठरावांना तसे बळ नाही. माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालील पश्चिम घाट समितीने २०११ च्या अहवालात निर्णयाचा आरंभ ग्रामसभेपासून व्हावा, असे सुचविले. तो अहवाल गावोगाव चर्चेला नेण्याऐवजी दुसरी समिती नेमली गेली, आणि २०१४ ते २०२४ या दहा वर्षांत केंद्र सरकारने अधिसूचनेचे सहा मसुदे काढले.

तोवर कार्यकर्त्यांनी स्वस्थ बसावे काय? जैवविविधता कायदा २००२ साली झाला. त्याअन्वये प्रत्येक ग्रामपंचायतीत व्यवस्थापन समिती असावयास हवी आणि तिने लोकांच्या सहभागाने जैवविविधतेची नोंदवही तयार करावयास हवी. हे काम अनेक ठिकाणी कपाटात बंद आहे. ते बाहेर काढावे. सड्यावरील गवताच्या जाती, देवराईतील झाडे, खाडीतील मासळी आणि तिचे हंगाम गावसभेत बसून लिहून घ्यावे. झरा कोणत्या महिन्यापर्यंत वाहतो आणि कोणाची चूल कशावर चालते, याची नोंद त्यासोबत ठेवावी. ती सांगण्यासाठी गुराखी, भोई आणि कालवे वेचणारी स्त्री यांना पहिल्या रांगेत बसवावे.

एके काळी नाथ पै आणि मधु दंडवते यांना लोकसभेत पाठविणाऱ्या या भूमीत हे काम कठीण वाटू नये. उद्या एखादा अधिकारी नकाशा घेऊन सड्यावर येईल आणि ही जमीन पडीक आहे असे म्हणेल. त्या वेळी घोषणा लागतीलच. पण त्याच्या उताऱ्यासमोर ठेवण्यासाठी गावाने स्वतः लिहिलेला उताराही हाती असला पाहिजे.