जुनी सात सीटर घेताना



घरात माणसं सात,
आणि मायलेजवाली जुनी गाडी हवी.
मग पहिलं नाव निघतं अर्टिगाचं.
2012 साली आलेली ही गाडी
वजनाला हलकी, म्हणून इंधन कमी लागतं.
सीएनजी आणखी स्वस्त पडतो;
फक्त सिलिंडर डिकी अडवतो.

पण आपल्या सांगलीत आधी बघा,
गाडी पुरात बुडाली होती का?
2019 चा, 2021 चा कृष्णेचा पूर आठवा.

सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा.
टोकाला गाळाची रेघ दिसली, तर गाडी सोडा.
मॅटिंग उचला.
सीटखालच्या पट्ट्यांवरचा गंज बघा.
पाणी वायरिंगमध्ये शिरलं असेल,
तर मायलेजमधली बचत गॅरेजातच जाते.

पुन्हा सांगते,
आधी पूर, मग मायलेज.

आणि चक्कर मारताना
घरातल्या उंच माणसाला
तिसऱ्या रांगेत बसवा.