पन्नास रुपयांचा अपराध

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत केलेल्या भाषणाचा संक्षेप)



सुवर्णमहोत्सवाच्या व्यासपीठावरून साहित्य, नाट्य, संगीत यांविषयी बोलावे, असा प्रघात आहे. मी मात्र आज ज्यांना वाचाच नाही अशांच्या वतीने बोलण्याची अनुज्ञा मागतो. घरी पाळलेल्या प्राण्यांचा छळ करणाऱ्यास कायद्याने कठोर शासन व्हावे, ही माझी मागणी आहे. मी शासकीय सेवेत असल्यामुळे प्रारंभीच नमूद करतो, की हे विचार सर्वस्वी व्यक्तिगत आहेत.

मागणी करण्यापूर्वी एक कबुली देणे मला प्राप्त आहे. १९९९ साली माझी भोपाळहून गुवाहाटीस बदली झाली. आमच्या घरी मोती नावाचा कुत्रा होता. रेल्वेच्या ब्रेकव्हॅनमधून कुत्रा नेण्याची सोय असते. भाडे भरले की काम होते. परंतु नवे गाव, नवे निवासस्थान, लांबचा प्रवास अशा सबबी पुढे करून मी साधी चौकशीही केली नाही. ‘वसाहतीत कोणीतरी घालील भाकरतुकडा,’ असे म्हणून आम्ही निघालो. पुढे शेजारच्या काकूंचे पत्र आले. मोती आमच्या कुलूपबंद क्वार्टरच्या दारात बसून राहिला. पुढे ठेवलेल्या अन्नाला त्याने तोंड लावले नाही. बाराव्या दिवशी तो गेला. आईने ते पत्र वाचले, घडी घालून देवापाशी ठेवले, आणि मला ती एक शब्दही बोलली नाही.

हे माझे कृत्य अपराध होते काय? निःसंशय होते. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याचे अकरावे कलम पाहावे. पाळलेल्या प्राण्यास निर्दयपणे मारणे, पुरेसे अन्नपाणी वा निवारा न देणे, आखूड वा जड साखळीने अवाजवी काळ बांधून ठेवणे आणि तो भुकेने वा तहानेने तळमळेल अशा स्थितीत योग्य कारणावाचून सोडून देणे, हे सारे त्यात अपराध मानले आहेत. आणि शिक्षा? पहिल्या अपराधास दहा ते पन्नास रुपये दंड. तीन वर्षांच्या आत तोच अपराध पुन्हा केल्यास पंचवीस ते शंभर रुपये दंड, किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. भोपाळ स्थानकावर सामान चढविणाऱ्या हमालांना मी पन्नासाहून अधिक रुपये दिले होते.

हा दोष कायद्याच्या कर्त्यांचा नव्हे. रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी १९५३ साली राज्यसभेत यासाठी खासगी विधेयक मांडले होते. पंडित नेहरूंच्या आश्वासनावरून त्यांनी ते मागे घेतले आणि पुढे शासनानेच हा कायदा आणला. त्या काळी केंद्र सरकारच्या कनिष्ठ लिपिकाचे मूळ वेतन ११० रुपयांपासून सुरू होई. म्हणजे पन्नास रुपये हा जवळजवळ अर्ध्या महिन्याच्या पगाराचा फटका होता. त्यानंतर आमच्या वेतनश्रेणी किती वेळा सुधारल्या! त्या प्राण्यांचा कैवार घेणारे आकडे मात्र तिथेच राहिले.

१ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेने कलम ३२५ अन्वये प्राण्यास ठार मारणे, विष देणे वा पंगू करणे यांसाठी पाच वर्षांपर्यंत कैद ठेवली आहे. जुन्या दंडसंहितेत अशा वेळी प्राण्याची किंमत दहा रुपये की पन्नास, हे पाहावे लागे. ती अट गेली, हे इष्टच झाले. तथापि साखळीला बांधून उपाशी झिजविणाऱ्यास अद्याप जुनाच दंड लागू होतो.

म्हणून माझ्या मागण्या तीन आहेत. पहिली, दंड आजच्या काळास साजेसा असावा आणि ठरावीक मुदतीने वाढावा. नोव्हेंबर २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दुरुस्ती विधेयकाच्या मसुद्यात अघोरी क्रौर्यासाठी किमान पन्नास हजार रुपये दंड किंवा एक ते तीन वर्षे कैद सुचविली होती. तेवढी जरब हवीच. दुसरी, उपासमार, अमानुष मारहाण आणि परित्याग हे अपराध दखलपात्र करावेत. आज पोलीस अशा प्रकरणी आपण होऊन हात घालू शकत नाहीत. तिसरी, घटनेपासून तीन महिन्यांच्या आत खटला भरण्याची जी अट आहे, ती शिथिल करावी. बंद दाराआडचा छळ इतक्या लवकर उजेडात येत नाही.

माणसांनाच जिथे न्याय मिळत नाही, तिथे कुत्र्यामांजरांची चिंता कशाला, असे कोणी विचारील. पण दुर्बळाला छळण्याची सवय जडलेला हात पुढे म्हातारी माणसे आणि लेकरे यांच्यापाशी आपोआप थांबेल, याची हमी कोण देणार? १९७६ साली घटनेत समाविष्ट झालेल्या मूलभूत कर्तव्यांत प्राणिमात्रांविषयी भूतदया बाळगणे हेही एक कर्तव्य आहे. २०१४ साली जल्लिकट्टूच्या निकालात सर्वोच्च न्यायालयानेही या कायद्यातील शिक्षा परिणामकारक करण्याची अपेक्षा संसदेकडून व्यक्त केली.

पोळी पळविणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावणाऱ्या नामदेवांची कथा आपण मुलांना कौतुकाने सांगतो. निदान त्या कुत्र्याला दाराबाहेर टाकून निघून जाणाऱ्यास जाब विचारला जावा, एवढे तरी आपण करू या. आपल्यापैकी पुष्कळजण बदलीवर इथे आले आणि बदलीवरच जातील. मंडळाने या वर्षी तसा ठराव करून खासदारांकडे पाठवावा, आणि ज्याची बदली होईल त्याच्या मुक्या सोबत्याची व्यवस्था लावण्यास साह्य करावे, अशी माझी विनंती आहे.

मोतीसाठी आता काही करता येण्यासारखे नाही. पन्नास रुपये भरून मोकळे होण्याची मुभा मात्र माझ्यासारख्या अपराध्यास यापुढे मिळू नये.