कार्व्हर आणि मारियामावशी

कृष्णवर्णीय मुलाच्या अस्मितेची आणि त्याला माया लावणाऱ्या माणसांची गोष्ट मराठी घरांत पोहोचवली ती वीणा गवाणकर यांच्या 'एक होता कार्व्हर' या पुस्तकानं. राजहंस प्रकाशनानं ते १९८१ साली काढलं.

या पुस्तकाचा नायक, पुढं शास्त्रज्ञ झालेला जॉर्ज, अमेरिकेतल्या मिसुरी राज्यात जन्मला तो गुलाम आईच्या पोटी. तान्हा असतानाच टोळीवाल्यांनी मायलेकरांना पळवलं. लेकरू परत मिळालं, आई मेरी कधीच सापडली नाही. मालक मोझेस कार्व्हर आणि त्यांची पत्नी सुझन यांनीच जॉर्ज आणि त्याचा भाऊ जिम यांना वाढवलं. मेरीचा चरखा जॉर्जनं पुढं जन्मभर जपला.

शाळेसाठी तो निओशो गावी गेला. तिथं मारिया वॉटकिन्स या कृष्णवर्णीय सुईणीनं त्याला पोटच्या पोरासारखं सांभाळलं. तो स्वतःला 'कार्व्हरांचा जॉर्ज' म्हणे. तिनं बजावलं, यापुढं 'जॉर्ज कार्व्हर' सांगायचं! भुईमुगावरच्या त्याच्या संशोधनाइतकाच हा प्रसंग मला मोलाचा वाटतो. शिकून आपल्या माणसांच्या उपयोगी पड, हेही तिचंच सांगणं. १८९६ मध्ये तो टस्कीगीच्या कृष्णवर्णीयांसाठीच्या शिक्षणसंस्थेत गेला आणि शेवटपर्यंत तिथंच राबला.

मारियामावशीनं जॉर्जला दिला तसा, शिक्षणासाठी घर सोडणाऱ्या पोरांना आसरा देणं आपल्या कोल्हापूरला नवं नाही. राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ पासून इथं जातीजातींच्या मुलांसाठी वसतिगृहं उभी केली. या शहरातल्या आईबाबांना म्हणूनच विनंती आहे: करवीर नगर वाचन मंदिरातून किंवा जवळच्या वाचनालयातून हे पुस्तक आणा आणि रोज रात्री चार पानं मुलांना मोठ्यानं वाचून दाखवा.