आधी पाणी, मग विचारपूस

(मंडळाच्या वर्धापनदिनी सभासद-भगिनींपुढे केलेले भाषण)



आपल्यापैकी पुष्कळजणींनी मला फ्रॉकमध्ये पाहिले आहे. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मी आईचा पदर धरून येत असे आणि तिळाच्या वड्या इतर मुलांपेक्षा दोन जास्तच उचलत असे. त्या आपणांपुढे आज भाषणाला उभी राहताना मला संकोच वाटतो आहे. चिटणीसबाईंनी 'आफ्रिकेतील माझे शिक्षण' असा विषय दिला आणि वर बजावले, "नुसते प्रवासवर्णन नको हं, काही आपल्या उपयोगाचे सांग." तसा प्रयत्न करते.

प्रथम एक खुलासा. आफ्रिका हा एक देश नव्हे. पन्नासांहून अधिक देशांचे ते खंड आहे. मी होते ती पश्चिम किनाऱ्यावरील घाना देशात, २०१८ च्या ऑगस्टपासून डिसेंबरपर्यंत. शिष्यवृत्तीवर मी अमेरिकेत शिकत होते. तेथील पुष्कळ महाविद्यालयांत तिसऱ्या वर्षी एक सत्र परदेशी विद्यापीठात काढण्याची सोय असते. माझ्या मैत्रिणींनी पॅरिस आणि लंडन निवडले. मी घाना निवडले ते काही फार मोठ्या ध्येयाने नव्हे. तेथे शिकवणे इंग्रजीतून होते आणि खर्चही कमी येणार होता. घरी फोन केला तेव्हा आई गप्प झाली आणि आजीने विचारले, "अगं, तिथं शिकण्यासारखं काय असतं?" मलाही ते ठाऊक नव्हते. पीतज्वराची लस टोचून घेतली, तिचे प्रमाणपत्र पासपोर्टात ठेवले आणि निघाले.

राजधानी आक्राच्या जवळ लेगॉन नावाच्या टेकडीवर घाना विद्यापीठ आहे. १९४८ साली, इंग्रजांचे राज्य असताना, महाविद्यालय म्हणून त्याची स्थापना झाली. पुढे ६ मार्च १९५७ रोजी देश स्वतंत्र झाला आणि १९६१ मध्ये त्याला पूर्ण विद्यापीठाचा दर्जा मिळाला. पांढऱ्या भिंती, लाल कौले, मध्ये मोठे बाल्म ग्रंथालय. वर्ग इतके भरत की खुर्ची मिळावी म्हणून मुली अर्धा तास आधी जाऊन वही ठेवून येत. एस. टी. च्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरणाऱ्या आपण! मला ते शिकावे लागले नाही.

पण मी खरी शिकले ती खोलीतील सोबतिणीच्या घरी. आक्रातच तिचे घर होते. पहिल्या रविवारी ती मला घेऊन गेली. आत जाताच आम्हांला बसवले आणि पाणी दिले. ते पिऊन होईपर्यंत मला कोणी एक अक्षर विचारले नाही. मग घरातील वडील मामांनी सावकाश सांगितले की, इकडे सर्व कुशल आहे, आता तुमचे येणे कसे झाले ते सांगा. अकान लोकांची ही जुनी रीत आहे. आलेला माणूस कोण, कुठला, कशासाठी आला, हे सारे मागाहून. आधी पाणी. मला आजीचे गूळपाणी आठवले.

मग माझा जन्मवार विचारला. त्यांच्यात मुलाला जन्माच्या वाराचे नाव असते. देशाचे पहिले राष्ट्राध्यक्ष क्वामे एन्क्रुमा यांचे 'क्वामे' म्हणजे शनिवारचा. संयुक्त राष्ट्रसंघाचे कोफी अन्नान यांचे 'कोफी' म्हणजे शुक्रवारचा. मी बुधवारची, म्हणून त्या क्षणापासून मी 'आकुआ' झाले. नाव मिळाले की माणूस घरातला होतो!

जेवणाची मला धास्ती होती, कारण मी मांस-मासे खात नाही. सोबतिणीच्या आईने, त्यांना मी मावशीच म्हणेन, माझ्यापुढे 'कोंतोमिरे' ठेवले. अळूच्याच जातीच्या पानांचे ते कालवण. पामच्या लाल तेलात शिजवलेले आणि भोपळ्याच्या बियांसारख्या बिया वाटून लावलेले. पहिला घास घेतला आणि डोळ्यांत पाणी आले, निम्मे मिरचीमुळे आणि निम्मे आपल्या लग्नातल्या फदफद्याच्या आठवणीने. भुईमुगाच्या दाण्यांचे सूपही त्या करीत. आपल्या उपासाच्या आमटीचे सख्खे भावंडच ते! कसावा आणि केळी उखळात मुसळाने कुटून 'फुफू' नावाचा मऊ गोळा करतात. तो चावायचा नाही, सुपात बुडवून गिळायचा. मी चावला, आणि सगळे घर हसले.

मावशींचे माकोला बाजारात कापडाचे दुकान होते. आक्राचा हा बाजार म्हणजे बायकांचे राज्य. प्रत्येक मालाची वेगळी 'राणी' असते. टोमॅटोवालींची एक, यॅम नावाच्या कंदांच्या व्यापाराची दुसरी. भांडण मिटवणे आणि अडचणीतल्या बाईला मदत करणे ही तिची कामे. १९७९ साली महागाई फार वाढली, तेव्हा लष्करी राजवटीने तिचे खापर या बाजारवालींवर फोडले आणि सैनिकांनी बाजार पाडून टाकला. मावशींच्या आईचे दुकान त्यात गेले. पण बायकांनी पुन्हा व्यापार उभा केला. कशावर? तर 'सुसु'वर. दर आठवड्याला प्रत्येकीने ठराविक रक्कम द्यायची आणि पाळीपाळीने एकीने ती सगळी उचलायची. भगिनींनो, ही आपली भिशीच की! मी मावशींना आपल्या मंडळाच्या भिशीची हकीकत सांगितली, तेव्हा त्यांचा पहिला प्रश्न होता, "आणि आधी उचलून मग बुडवणारी निघाली तर काय करता?" (हशा.) असा प्रश्न खऱ्या जाणकारालाच सुचतो.

ऑक्टोबरात मला मलेरिया झाला. विद्यापीठाच्या दवाखान्यातून औषध मिळाले, पण शुश्रूषा मावशींनी केली. दुकान बहिणीवर टाकून त्या चार दिवस माझ्या उशाशी बसल्या. मांस न घालता टोमॅटोचे पातळ तिखट सार करून त्यांनी मला चमच्याने पाजले.

पुढे इतिहासाच्या वर्गाबरोबर मी समुद्रकाठचे किल्ले पाहिले. एल्मिनाचा किल्ला पोर्तुगीजांनी १४८२ साली बांधला, म्हणजे गोवा घेण्याच्या अठ्ठावीस वर्षे आधी. व्यापाराला आलो म्हणून त्यांनी तेथल्या राजाकडे जागा मागितली आणि राजाने नाराजीनेच ती दिली. त्याच किल्ल्यात पुढे माणसे कोंडून गुलाम म्हणून जहाजांवर चढवली गेली. स्त्रियांच्या कोठड्यांपुढे एक चौक आहे आणि वर गव्हर्नरचा सज्जा. तेथून तो बायका निवडीत असे. आम्ही त्या चौकात उभे राहिलो तेव्हा कोणी बोलले नाही. परक्याला जागा दिल्याचे असले फळ ज्यांनी भोगले, ते आजही दारात आलेल्या परक्याला आधी पाणी देतात. माझ्या मनात हे तेथेच घट्ट बसले.

आता थोडे अवघड बोलते. विद्यापीठाच्या आवारात गांधीजींचा पुतळा होता. जून २०१६ मध्ये आपले तत्कालीन राष्ट्रपती प्रणव मुखर्जी यांनी त्याचे अनावरण केले होते. दक्षिण आफ्रिकेत असताना गांधीजींनी तरुणपणी तेथल्या काळ्या लोकांविषयी हिणवणारे शब्द लिहिले होते. ते दाखवून काही प्राध्यापकांनी त्याच वर्षी पुतळा हलवण्याची मागणी केली, आणि डिसेंबर २०१८ मध्ये, मी तेथे असतानाच, तो काढला गेला. मला वाईट वाटले. मी सोबतिणीला म्हटले, "तुमच्या एन्क्रुमांनी १९५० साली अहिंसक चळवळ केली ती गांधीजींपासूनच स्फूर्ती घेऊन ना?" ती म्हणाली, "होय, तेही खरे आहे. पण पुतळ्याचे राहू दे. तुमच्याकडे आमच्या मुलांना कसे वागवतात?" मार्च २०१७ मध्ये ग्रेटर नोएडात आफ्रिकन विद्यार्थ्यांना जमावाने मारहाण केली, ती चित्रफीत तिने पाहिली होती.

निघताना मावशींनीही तेच विचारले, पण किती हळुवारपणे! अकरा वर्षांच्या मुलाला जवळ घेऊन त्या म्हणाल्या, "आकुआ, हा मोठा होऊन तुमच्या गावी शिकायला आला, तर त्याला कोणी घर देईल का?"

मला उत्तर देता आले नाही. का, ते आईची परवानगी घेऊन सांगते. ती तिसऱ्या रांगेत बसली आहे. मी अकरावीत असताना आमच्या वरच्या खोलीची 'भाड्याने देणे आहे' अशी पाटी पाहून दोन आफ्रिकन विद्यार्थी आले होते. दार मीच उघडले. नीटनेटके कपडे, हातात कॉलेजची पत्रे. बाबांनी आतूनच सांगितले की खोली दिली गेली. पाटी मात्र त्यानंतर दीड महिना फाटकावर होती, आणि ती मुले रोज त्याच रस्त्याने जात. उन्हाळा होता. आम्ही त्यांना पाणीसुद्धा विचारले नाही.

मावशींचा तो मुलगा आता अठरा वर्षांचा झाला आहे. पुण्यातील एका महाविद्यालयात त्याला प्रवेश मिळाला असून जुलैत तो येतो आहे. सोबतिणीचे पत्र आले ते मी घरात मोठ्याने वाचून दाखवले. बाबा काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी वरच्या खोलीला चुना द्यायला माणूस बोलावला. आईने माळ्यावरून उखळ-मुसळ खाली काढले आहे.

पण घर आमचे असले तरी गल्ली सर्वांची आहे. दोघी-तिघींनी आईला विचारलेही, "तुम्ही विचार केला आहे ना?" त्यांचा मला राग नाही. आम्हीही तसेच होतो. माझे मागणे फार मोठे नाही. संध्याकाळी मुसळाचा आवाज आला तर दचकू नका. दिवाळीच्या फराळाला त्याला बोलवा. चकली त्याला आवडेल, पुरणाचे सांगता येत नाही. त्याचा जन्म सोमवारचा, म्हणून नाव 'कोजो'. जिन्यात भेटला तर नावाने हाक मारा. कोण, कुठला, काय खातो, हे खुशाल विचारा. विचारपूस तर आपण करणारच! एवढेच, की आधी पाणी द्या.