सहातला एक वाटा



आज १२ ऑगस्ट. १९७३ साली याच दिवशी गोव्याचे पहिले मुख्यमंत्री दयानंद बांदोडकर, सगळ्या गोव्याचे भाऊसाहेब, पदावर असतानाच वारले. मिरामारच्या किनाऱ्यावर त्यांची समाधी आहे आणि मांडवीच्या काठाने तिथवर नेणाऱ्या रस्त्याला त्यांचेच नाव आहे. पण त्यांचे खरे स्मारक पाहायचे असेल तर जमिनीचा एक-चौदाचा उतारा काढावा लागतो.

महाराष्ट्रातल्या श्रोत्यांनी सात-बारा समजावा. साधा छापील कागद. वर गावाचे नाव, सर्व्हे नंबर, हिस्सा. मग जमिनीचे प्रकार ओळीने मांडलेले: जिरायत, बागायत, तरी, खाजन, केर, मोरड. पुढे कब्जेदाराचे नाव. त्याशिवाय आणखी दोन रकाने असतात. एक कुळाच्या नावाचा आणि दुसरा इतर हक्कांचा. या दोन रकान्यांत गरिबाचे नाव लागावे आणि लागलेले नाव कोणाला सहजी खोडता येऊ नये, ही भाऊसाहेबांच्या राजकारणातली सगळ्यात मोठी खटपट. आज तिच्याविषयी बोलतो.

१९६१ च्या डिसेंबरात पोर्तुगीज गेले, पण भाटकार जागच्या जागीच राहिला. भाट म्हणजे माडांची बागायत, तिचा धनी तो भाटकार. त्या भाटात घर करून राहणारा तो मुंडकार आणि दुसऱ्याचे शेत कसणारा तो कूळ. बरेचदा एकच माणूस मुंडकारही असे आणि कूळही. भाटकार हिंदू असत तसे ख्रिस्तीही असत, मुंडकारांचेही तेच.

मुंडकाराचे जगणे कसे होते? तो ज्या माडाखाली जन्मला त्याचा नारळ रात्री अंगणात पडला, तरी सकाळी भाटकाराच्या ढिगात जायचा. मातीच्या भिंतीच्या जागी चिरा लावायचा किंवा चुडतांचे छप्पर काढून नळे घालायचे, तर आधी भाटकाराच्या दारात उभे राहावे लागे. परवानगी मिळाली तर उपकार, नाही मिळाली तर मुकाट परत फिरायचे. घर पक्के झाले की माणूसही पक्का होतो, हे भाटकार ओळखून होता. त्याच्याकडे लग्नकार्य निघाले की मुंडकाराच्या घरची माणसे कामाला जात. मजुरीचा हिशेब विचारायची सोय नसे, कारण ‘चालता हो’ हे दोन शब्द भाटकाराच्या हाती होते. सगळेच भाटकार दुष्ट होते असे मी म्हणत नाही. आजारपणात औषधाला पैसे देणारे, मुंडकाराच्या पोराला शाळेत घालणारेही होते. पण चांगला भाटकार मिळणे हा नशिबाचा भाग होता आणि नशिबावर कोणाला दावा लावता येत नाही.

शेताची तऱ्हा वेगळी. खासगी शेत बहुधा अर्धेलीने. गावकारीच्या, म्हणजे गावाची सामाईक जमीन सांभाळणाऱ्या कोमुनिदादच्या शेतांची ठरावीक मुदतीने पावणी व्हायची. लिलावाला आपण पावणी म्हणतो. जो चढी बोली बोलेल त्याला शेत. यंदा शेणखत घालून कसदार केलेला तुकडा पुढच्या पावणीत दुसऱ्याकडे जाणार असेल, तर जमिनीवर जीव कोण लावणार?

अशा गोव्यात १९६३ च्या डिसेंबरात पहिली निवडणूक झाली. पोर्तुगीज शिकलेली, पांढरपेशी मंडळी आपलेच राज्य येणार या समजुतीत होती. निकाल लागला तेव्हा गोव्यातल्या २८ जागांपैकी १४ जागा भाऊसाहेबांच्या महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाने जिंकल्या होत्या. भाऊसाहेब स्वतः उभेही राहिले नव्हते. ते पुढे मडकईच्या पोटनिवडणुकीतून आले. २० डिसेंबरला त्यांनी शपथ घेतली. बहुजन समाजातून वर आलेला, फारसे शालेय शिक्षण नसलेला हा खाणमालक. त्याला निवडून दिले ते मुख्यतः कुळांनी आणि मुंडकारांनी. ज्याच्या भाटात राहायचे त्याच्या इच्छेविरुद्ध मत द्यायचे, हे त्या दिवसांत किती धाडसाचे होते ते आज कळणे कठीण आहे. त्या मतांची परतफेड करणे आता भाऊसाहेबांना भाग होते.

परतफेड म्हणजे १९६४ चा कूळकायदा. तो ८ फेब्रुवारी १९६५ पासून लागू झाला. कायदा लांबलचक आहे. मी त्यातल्या तीनच गोष्टी सांगतो.

पहिली म्हणजे मानीव कूळ. दुसऱ्याची जमीन जो रीतसर कसतो, तो मालकाच्या घरचा माणूस नसेल, पगारी गडी नसेल, गहाणदार नसेल, तर तो कूळ मानावा. ‘मानावा’ या शब्दात सगळी किमया आहे. करारपत्र आण, मग तुला कूळ म्हणतो, असे कायदा म्हणाला असता तर निम्मे गाव तिथेच बाद झाले असते. पिढ्यान् पिढ्या तोंडी व्यवहारावर शेत कसणाऱ्याकडे कागद कुठला? म्हणून कायद्याने कागदाआधी नांगर पाहिला.

दुसरी गोष्ट, मामलेदाराच्या हुकुमाशिवाय कुळाला शेतावरून काढता येणार नाही. ‘चालता हो’ म्हणायचा भाटकाराचा अधिकार सरकारने आपल्या कचेरीत नेऊन ठेवला.

तिसरी गोष्ट खंडाची. पिकाच्या एक षष्ठांशापेक्षा जास्त खंड घ्यायचा नाही. हा अपूर्णांक खळ्यावर नेऊन पाहू. मळणी झाली आहे, भाताची रास पडली आहे आणि कुडवाने मोजणी चालली आहे. वीस कुडवांची एक खंडी. समजा सहा खंडी भात झाले. अर्धेलीत तीन खंडी भाटकाराच्या घरी जायच्या. आता जाईल एक. दोन खंडी, म्हणजे चाळीस कुडव भात, जास्तीचे घरात राहिले. ज्या घरात आषाढ-श्रावणात पेजेवर दिवस निघत, त्या घरच्या बाईला हा कायदा कोणी वाचून दाखवायची गरज पडली नाही.

अर्थात कायदा झाला म्हणून भाटकाराने दार उघडून स्वागत केले नाही. पावती मागितली की खंडच नको म्हणायचे, कारण पावती दिली की कूळ सिद्ध झाले. फोंड्याकडच्या एका घरात मी एक पत्र्याची पेटी पाहिली आहे. वरती लग्नातला शालू, खाली खंडाच्या चार जुन्या पावत्या, फडक्यात गुंडाळलेल्या. घरच्या आजीला अक्षरओळख नव्हती. तरी कुठली पावती सासऱ्याच्या वेळची आणि कुठली नवऱ्याच्या वेळची, हे ती कागदाच्या रंगावरून सांगायची. मामलेदारापुढे त्या चार चिटोऱ्यांनी आणि बांधापलीकडच्या शेजाऱ्याच्या साक्षीने शेत राखले.

१९६७ च्या जानेवारीत जनमत कौल झाला. गोवा महाराष्ट्रात विलीन करावा म्हणणाऱ्यांचे चिन्ह फूल, वेगळा ठेवावा म्हणणाऱ्यांचे दोन पाने. विलीनीकरण हे भाऊसाहेबांचे मोठे स्वप्न. ते ३४,०२१ मतांनी हरले. दोनच महिन्यांनी विधानसभेची निवडणूक झाली आणि लोकांनी त्यांनाच पुन्हा निवडून दिले. या उलटसुलट निकालाची अनेक कारणे सांगितली जातात. मला त्यात कूळकायदा दिसतो. लोकांनी त्यांचे स्वप्न नाकारले, पण त्यांचे काम ठेवून घेतले. आणि साष्टीतल्या ज्या ख्रिस्ती कुळाने दोन पानांवर शिक्का मारला, त्यालाही खंड सहावा हिस्साच पडत होता. मामलेदार फूल की पाने असे विचारत नव्हता.

पुढे १९६८ ची जमीन महसूल संहिता आली. मघाशी सांगितलेल्या एक-चौदाचा पाया तो. १९७१ साली मुंडकार, शेतमजूर आणि गावातले कारागीर यांना घरातून हुसकावून लावण्यास मनाई करणारा कायदा झाला. पण कूळ अजून कूळच होते, मालक झाले नव्हते. मुंडकाराला घरातून काढता येत नव्हते, पण घराखालची जमीन भाटकाराचीच होती. ‘कसेल त्याची जमीन, राहील त्याचे घर’ या घोषणेचा पहिला अर्धा भाग निम्मा झाला होता आणि दुसराही निम्माच. तेवढ्यात भाऊसाहेब गेले.

उरलेले काम त्यांच्या कन्येने, शशिकलाताई काकोडकरांनी केले. मुख्यमंत्री झाल्यावर १९७५ साली त्यांनी मुंडकार कायदा आणला. त्यामुळे मुंडकाराला राहते घर आणि भोवतालची जागा विकत घेण्याचा हक्क मिळाला. पंचायतीच्या हद्दीत ही जागा ३०० चौरस मीटर. १९७६ च्या पाचव्या दुरुस्तीने २० एप्रिल १९७६ या दिवशी कूळ जमिनीचा मालक मानला गेला. जुन्या मुंबई राज्यातल्या कुळांचा असा दिवस १ एप्रिल १९५७. गोव्यातले कूळ एकोणीस वर्षे मागून आले. तेही सुखासुखी नाही. दुरुस्तीविरुद्ध भाटकार न्यायालयात गेले आणि १९८४ साली ती घटनेच्या नवव्या परिशिष्टात गेली तेव्हा कुठे तिला कवच मिळाले.

श्रोतेहो, पुण्यतिथीला नुसती स्तुती करायची पद्धत आहे. पण भाऊसाहेबांच्या कामाचा मान ठेवायचा तर त्याची उणी बाजूही सांगितली पाहिजे.

गोव्यात सुमारे अठरा हजार हेक्टर खाजन जमीन आहे. नदीच्या खाऱ्या पाण्याला बांध घालून पूर्वजांनी ती मिळवली. बांध मातीचे, आणि भरती-ओहोटीचे पाणी आत-बाहेर सोडणारी मानस लाकडी दारांची. बांधाला खेकड्याने बोटभर भोक पाडले आणि ते वेळीच बुजवले नाही, तर एका उधाणात सगळे शेत खारे होते. ही राखण गावकारी करायची, खर्च पावणीच्या पैशातून निघायचा आणि उरलेले गावकारांना झोण म्हणून वाटले जायचे. पावणी थांबली, खंड सहाव्या हिश्श्यावर आला आणि बांधाचा पैसा आटला. बांधाची जबाबदारी कायद्याने कुळांच्या संघटनांवर टाकली. काहींनी ती चोख निभावली. काही ठिकाणी मात्र मानशीवरच्या मासळीच्या लिलावात भातापेक्षा जास्त पैसा दिसू लागला, मग पाणी मुद्दाम आत राहू लागले आणि शेताचे तळे झाले. भाटकाराचा हात काढून घेणे आवश्यकच होते. त्या जागी दुसरा भक्कम हात ठेवायचे राहून गेले.

दुसरी उणीव डोंगरावरची. कूळकायदा तरीला लागला, खाजनाला लागला, पण खाणींचे पोर्तुगीजकालीन परवाने तसेच राहिले. ते संसदेने रद्द केले १९८७ साली. डिचोली-सांगेच्या बाजूला पावसाळ्यात खाणीची तांबडी माती शेतात उतरते. आता मालक झालेल्या कुळाला खंड भरावा लागत नाही, पण त्या मातीपुढे त्याचे काही चालत नाही. स्वतः खाणमालक असलेल्या मुख्यमंत्र्याच्या कारकिर्दीत ही बाजू कोरी राहिली, हे नोंदवले पाहिजे.

एवढे सगळे जमेस आणि खर्ची टाकून माझे मत सांगतो. भाऊसाहेबांनी गोव्याला श्रीमंत केले असे नाही, शेती सुधारली असेही नाही. त्यांनी गोव्याच्या गरिबाच्या मनातली भीती काढली. मुंडकार भाटकाराच्या डोळ्याला डोळा देऊन बोलू लागला. त्याच्या घराला चिरा लागला, नळे आले, दिवा आला आणि त्या दिव्याखाली पोरे शिकली. आज कचेऱ्यांतून, शाळांतून, बँकांतून बसलेले कितीतरी गोवेकर त्या घरांतलेच आहेत.

आणि म्हणूनच जाता जाता एक विनंती. मालकी मानली गेली तरी ती आपोआप कागदावर येत नाही. मामलेदाराकडे अर्ज करावा लागतो, किंमत भरावी लागते, सनद घ्यावी लागते. कितीतरी कुळांनी आणि मुंडकारांनी ही शेवटची पायरी ओलांडलेली नाही. २०१४ साली हे दावे मामलेदाराकडून दिवाणी न्यायालयात नेणारी दुरुस्ती झाली आणि मोठा विरोध झाल्यावर पुढे ती फिरवावी लागली. तेव्हा हा हक्क किती कच्च्या धाग्यावर आहे ते साऱ्यांना कळले. तुमच्या घरी पत्र्याची पेटी असेल तर ती उघडा. एक-चौदाचा ताजा उतारा काढा आणि कुळाच्या व इतर हक्कांच्या रकान्यात काय लिहिले आहे ते वाचा. रकाना रिकामा असेल तर आजच कामाला लागा. कोणते शेत कोणी कसले, हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेली माणसे आता थोडी उरली आहेत. त्यांची साक्ष ती हयात आहेत तोवरच मिळेल.